डाव्या अंगाचा रामराम

कोल्हारात रामराम फुकटात मिळतो, पण तो घेतला नाही तर माणूस कायमचा नडतो. रस्त्यानं जाणाऱ्यानं पारावर बसलेल्याला घालायचा, मोटारसायकलवाल्यानं पायी चालणाऱ्याला घालायचा. हातात ओझं असेल तर नुसती मान हलवली तरी तो पोचतो. ज्यांच्यात बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे, त्यांचाही रामराम चालू असतो. तो थांबला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

सहादेव काही रामराम चुकवणारा माणूस नव्हता. वय अठ्ठेचाळीस, अंगानं आडवा, तोंडानं गोड. पाटाच्या कडेला त्याची थोडकी जमीन, त्यात थोडा ऊस, थोडा कांदा, दावणीला दोन गाई आणि पवळ्या नावाचा एक बैल. डेअरीवर दूध घालायला गेलेला हा माणूस घरी येईस्तोवर चहा दोनदा गरम करावा लागतो, अशी त्याची बायको राहीबाई तक्रार करायची. वाटेत जो भेटेल त्याच्यापाशी हा थांबणार, चार शब्द बोलणार, मग पुढं सरकणार.

आणि हाच सहादेव हळूहळू बदलला. समोरून येणाऱ्याशी बोलायचा, अगदी पूर्वीसारखा. पण बाजूला उभं राहून कुणी हात वर केला, तर नाकासमोर बघत खुशाल निघून जायचा. नेमका त्याच सुमारास तो विकास सोसायटीचा संचालक म्हणून निवडून आला होता, त्यामुळं गावाला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. 'सहादूच्या डोक्यात हवा गेली,' असं पारावर ठरून गेलं. गावाचं फार चुकलं असंही म्हणता येत नाही. डोक्यात काहीतरी गेलं होतं खरं, फक्त ती हवा नव्हती.

आता रंगनाथची ओळख करून द्यायला हवी, कारण या गोष्टीतला सगळा सल त्याच्यापाशी आहे. रंगनाथ हा सहादेवचा बांधकरी, बांधापलीकडचं रान त्याचं, आणि लहानपणापासूनचा सोबती. त्याच्याकडंही एकच बैल, चांद्या. दोन घरांत मिळून एक बैलजोडी, असा तो संसार होता. आमच्याकडं याला सावड म्हणतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. तुझा बैल, माझा बैल, आणि माणसं दोघं मिळून. कुणी जास्त राबलं याचा हिशेब करायचा नसतो, हिशेब करणाऱ्याची सावड टिकत नाही. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला तरी कोळपणीला, उभ्या पिकातलं तण काढायला, ही जोडीच असायची. चांद्या डावीकडं, पवळ्या उजवीकडं. बैलांनासुद्धा दुसरी बाजू ठाऊक नव्हती.

त्या वर्षी चैत्रात रंगनाथची आई गेली. सहादेवला तिनं लहानपणी रंगनाथच्याच ताटात बसवून जेवू घातलं होतं. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर अख्खा गाव लोटला. कावळा शिवला, लोक उठले, आणि रिवाजाप्रमाणं जाता जाता एकेकजण रंगनाथला हात जोडून पुढं निघाला. सहादेवही निघाला. त्याची नजर रंगनाथलाच शोधत होती. समोर गर्दी होती, गर्दीत रंगनाथ दिसेना. पाहुण्यांत अडकला असेल, संध्याकाळी घरी जाऊन बसू, असं मनाशी म्हणत तो घाट चढून वर आला.

रंगनाथ त्याच्यापासून दोन हातांवर, डाव्या बाजूच्या पायरीवर बसला होता. डोक्याचं मुंडण केलेलं, हात जोडलेले. सहादेव पुढून निघून गेला तरी ते हात तसेच राहिले. हे सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी सहादेव गेला तेव्हा रंगनाथच्या घराचं दार आतून लोटलेलं होतं. झोपले असतील म्हणून तो माघारी फिरला.

पुढच्या कोळपणीला चांद्या आला नाही. निरोप तेवढा आला, "आमचं आमी बघतो." सहादेवला काही कळेना. आपण असं काय केलं? विचारायला जावं तर तोही मानी. "आई गेलीय म्हनून गप बसतो, न्हाईतर इचारलं असतं," असं तो राहीबाईला म्हणाला. राहीबाई म्हणाली, "मग इचारा की." त्यानं विचारलं नाही. रंगनाथनं कुणाची तरी जोडी भाड्यानं लावली. पवळ्या दावणीला उभा राहून चरबी साठवू लागला.

तोवर सहादेवच्या तक्रारी वाढल्या होत्या. कपाळ ठणकायचं. दुपारी अंगात त्राण उरायचं नाही. दाराच्या चौकटीवर खांदा आदळायचा, गोठ्यात गाईचं शिंग लागायचं. एके दिवशी मोटारसायकलवरून जाताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीचा कोपरा त्याच्या खांद्याला लागला आणि तो खाली आपटला. ट्रॉली गावातल्या कुणालाही लांबून दिसली असती. याला ती दिसलीच नाही. दिसत नाही म्हणावं तर समोरचं बारीक अक्षरही वाचता येत होतं. जे दिसत नाही ते दिसत नाही, हेही माणसाला दिसत नाही. ही त्या दुखण्याची खरी चलाखी.

राहीबाईनं त्याला चष्म्यासाठी राहुरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं एका यंत्रात हनुवटी टेकवून त्याला बसवलं, समोर टिपके चमकतील, दिसला की बटण दाबा म्हणाले. सहादेवनं दिसेल त्या टिपक्याला बटण दाबलं आणि आपण पास झालो अशा समजुतीनं बाहेर आला. डॉक्टरनं कागद पुढं केला. मधला भाग स्वच्छ होता, दोन्ही कडा काळ्याभोर. "डोळे चांगले आहेत तुमचे. चष्म्यानं हे जाणार नाही. डोक्याचा फोटो काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात एमआरआय झाला, रक्त तपासलं. मग ग्रंथींच्या डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. नाकाच्या मागं, मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्यूटरी. सहादेवच्या त्या ग्रंथीत बोराएवढी गाठ झाली होती. कॅन्सर नव्हता. पण दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, तिथं ती खालून दाबत होती. म्हणून समोरचं दिसायचं आणि दोन्ही बाजूंचं बुजलं होतं.

"ही गाठ प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सोडते," मॅडम म्हणाल्या. "बाळंतिणीला दूध येतं ते याच हार्मोनमुळं. पुरुषांच्या अंगातही ते थोडं असतं. तुमच्या रक्तात ते खूपच वाढलंय."

सहादेवनं मागं वळून दार लावलेलं आहे ना ते पाहिलं.

मॅडमनी आणखी एक विचारलं, हळू आवाजात, नवरा-बायको म्हणून घरात सगळं ठीक आहे का. सहादेव टेबलाकडं बघत म्हणाला, "वय झालं आता, मॅडम." त्यावर त्या म्हणाल्या, "वय नाही झालेलं. तेही या गाठीमुळंच." राहीबाईनं पदर चाचपला.

सहादेव मात्र तयारीनं आला होता. गाठ म्हटल्यावर कापायचीच. गाईंचं दूध कोण काढणार, डबा कोण आणणार, सगळं त्यानं ठरवून टाकलं होतं. त्यानं विचारलं, "मग ऑपरेशन कवा धरायचं?"

"ऑपरेशन नाही. गोळी," मॅडम म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा, रात्री जेवण झाल्यावर."

"गोळीनं गाठ जाती?"

"तुमची जाते. बहुतेकांची आक्रसते. डोळ्यांवरचा दाब पुष्कळदा काही आठवड्यांतच कमी होतो."

दुसरा कुणी असता तर त्यानं सुंठीवाचून खोकला गेला म्हणून पेढे वाटले असते. सहादेवचा चेहरा पडला. "न्हाई मॅडम, तुमी माजं ऑपरेशनच करा," तो म्हणाला.

आता मॅडमनाच नवल वाटलं. ऑपरेशनला घाबरणारे त्यांना रोज भेटत, हट्ट धरणारा हा पहिलाच. पण त्या रागावल्या नाहीत. ऑपरेशन नाकातून करतात, त्यांनी सांगितलं. तुमच्यासारखी मोठी, दूध आणणारी गाठ शस्त्रक्रियेनं पुष्कळदा पूर्ण निघत नाही. थोडी राहते, पुन्हा वाढते, आणि गोळी घ्यावी लागते ती लागतेच. शिवाय नाकातून पाणी झिरपणं, बाकीच्या हार्मोनना धक्का लागणं, हे धोके आहेत. गोळीलाही खोड्या आहेत. मळमळतं, उठताना गरगरतं, आणि ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. क्वचित एखाद्याला गोळीमुळं जुगाराचा, उधळपट्टीचा नाद लागतो, तसं काही वाटलं तर लगेच सांगायचं. राहीबाईनं हे शेवटचं तेवढं पदराला गाठ मारून ठेवलं. "गोळी चालली नाही, सोसली नाही किंवा नजर एकदम खालावली, तर ऑपरेशन आहेच," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्हाला ते आधीच का हवंय?"

सहादेवला सांगता येईना. खरं कारण असं होतं की ऑपरेशन झालेल्या माणसाला गाव भेटायला येतं. बिस्किटाचा पुडा, शहाळी, सफरचंदं घेऊन माणसं खाटेशी बसतात, 'आता कसं हाय?' विचारतात. वैरीसुद्धा येतो, आजारपणात कुणी अबोला धरत नाही. सहादेव नगरला दाखल झाला, डोकं उघडलं, एवढं कानावर पडलं असतं तर रंगनाथ आला असता, याची त्याला खात्री होती. आठवड्याला दोन गोळ्या खाणाऱ्याला भेटायला कोण येणार? आणि आपण होऊन सांगायचं म्हटलं, तर बाप्याच्या अंगात बाळंतिणीचं दूध वाढलंय, हे पारावर कोणत्या तोंडानं सांगायचं?

औषधाच्या खिडकीपाशी राहीबाई रांगेत होती तेव्हा बाकड्यावर त्याच्या शेजारी भिंगारचे स्टीफन सर बसले होते. शाळेत शिक्षक. दणकट जबडा, जाड ओठ, फावड्यासारखे पंजे. बोलता बोलता निघालं की त्यांनाही त्याच ग्रंथीत गाठ. फक्त त्यांची गाठ वाढीचं हार्मोन सोडत होती.

"मला वाटायचं बूट आखडतात," सर म्हणाले. "दुकानदाराशी भांडलो दोनदा. बूट बरोबर होते, पायच वाढत होते. मॅडम म्हणतात, ऑपरेशन आधी. मी म्हटलं, गोळी द्या की. तर म्हणे तुमच्या गाठीवर गोळीचा म्हणावा तसा जोर नाही. काढता येईल तेवढी काढायची, उरलीच तर इंजेक्शनं."

"मला बी तीच जागा, आन् मला गोळी."

"नशीबवान आहात."

"कसलं नशीब, सर. मला ऑपरेशन पायजे हुतं."

सरांनी त्याच्याकडं नीट बघितलं. दुसऱ्याच्या ताटातला लाडू मोठा दिसतो हे खरं, पण दवाखान्याच्या बाकड्यावर असं वाटणं म्हणजे कमालच झाली. दोघंही हसले. जाताना सरांनी आपला नंबर त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिला.

परतीच्या एसटीत राहीबाई खिडकीशी बसली होती. राहुरी मागं पडल्यावर ती बाहेर बघतच म्हणाली, "मॅडम म्हनल्या ते खरं असंल का?"

"कशाचं?"

"तेच. वय न्हाई झालं म्हनल्या ते."

"म्हनल्या तर खरंच असंल."

तिनं मांडीवरची औषधाची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "मला वाटलं, मीच म्हातारी झाले. तुमाला नकोशी झाले." तिचा आवाज रडका नव्हता, एखादं जुनं ओझं खाली ठेवावं तसा होता. सहादेवला स्वतःची लाज वाटली आणि बायकोची फार दया आली. इतकी वर्षं हिनं एकटीनं हे मनात ठेवलं आणि चहा मात्र दोनदा गरम करत राहिली. त्यानं तिचा हात धरला. पुढच्या बाकावरल्या बाईनं वळून बघितलं, तरी सोडला नाही.

गोळी सुरू झाली. पहिल्या गोळीनं सकाळी तो झटक्यात उठला आणि गरगरून परत खाटेवर बसला. मग कुशीवर वळून, पाय खाली सोडून, दम खाऊन उठायला शिकला. मळमळ काही दिवसांनी निवली. पारावर पत्त्यांचा डाव रंगलेला असला आणि सहादेवनं तिकडं नुसतं बघितलं तरी राहीबाई हटकायची, "मॅडमनी काय सांगितलंय?" गावात त्यानं 'डोळ्याची नस दबलीय' एवढंच सांगितलं. त्यावर पारावरून उत्तर आलं, संचालक झाल्यावर सगळ्यांचेच डोळे वर जातात. गावाचं तोंड कुणी धरावं?

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. सहादेव भिंतीकडं तोंड करून जेवत होता. डाव्या बाजूला त्याला काहीतरी हिरवं हललेलं दिसलं. त्यानं मान वळवली नाही, आधी घास गिळला. हिरवं पुन्हा हललं. ती राहीबाईच्या लुगड्याची किनार होती.

"नवीन घेतलं का गं लुगडं?" त्यानं विचारलं.

"दिवाळीचं हाय. तुमीच आनलंत," राहीबाई म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. "हिकडनं?" "व्हय, दिसतंय. पुसट हाय, पन दिसतंय." त्या दिवशीची एक भाकरी करपली आणि कुणाला वाईट वाटलं नाही.

पुढं नगरला तपासणीला गेला तेव्हा स्टीफन सर दाखल होते, ऑपरेशन होऊन गेलेलं. सहादेव वॉर्डात भेटायला गेला आणि दारातच थबकला. खाटेभोवती ही गर्दी. चर्चची माणसं, शाळेची माणसं. कुणी प्रार्थना करतंय, कुणी थर्मासमधून चहा ओततंय. आपल्याला जे हवं होतं ते हेच, असं त्याच्या मनात आलं. माणसं पांगल्यावर तो जवळ बसला.

"दोन दिवस तोंडानं श्वास घेतला," सर गेंगाण्या आवाजात म्हणाले. "नाक गच्च भरून ठेवलं होतं. आता रक्ताचा रिपोर्ट यायचाय. थोडी गाठ राहिली असेल तर दर महिन्याला इंजेक्शन. पण खरी मजा वेगळीच आहे. जो येतो तो विचारतो, टाका कुठंय? मी नाकाकडं बोट दाखवतो. निम्म्यांना खोटंच वाटतं. एक म्हातारी म्हणाली, सर, सर्दी झाली होती का?"

सरांना हसू आलं आणि लगेच दुखलं, म्हणून त्यांनी हसणं थांबवलं. सहादेव मात्र विचारात पडला. नाकातून केलेल्या ऑपरेशनवरही लोक विश्वास ठेवत नसतील, तर आपण इतके महिने ज्याची आस धरली ते सगळं पोकळच होतं. डोकं उघडलं असतं तरी रंगनाथला आपणच सांगावं लागलं असतं. सरांच्या उशाला शहाळं ठेवून तो निघाला. मग तपासणीत मॅडमनी नव्या फोटोतली गाठ दाखवली. बोराएवढी गाठ करवंदाएवढी झाली होती आणि नसांपासून खाली उतरली होती. गोळी चालू ठेवायची, त्या म्हणाल्या. सहादेवनं या खेपेला हुज्जत घातली नाही.

तरी तो रंगनाथकडं गेला नाही. मनात सगळं ठरलेलं, पाय उचलेना. दूध, हा एक शब्द आडवा येत होता.

मग आषाढातली एक सकाळ आली. सहादेव मक्याला पाणी देत होता. वाफ्याच्या तोंडाशी वाकून तो खोऱ्यानं माती ओढत होता, नजर पाण्यावर. डाव्या अंगाला पाटाच्या कडेनं काहीतरी पांढरं सरकलं. त्यानं मान उचलली नाही. पांढऱ्याच्या मागं दोन पाय होते, धोतर वर खोचलेलं. चांद्याला पाण्यावर नेणारा रंगनाथ. वर्षभर तो असाच जात होता, मान ताठ, नजर दुसरीकडं. सहादेवला आजवर ते दिसलंच नव्हतं.

"रामराम, रंगनाथ," पाण्याकडं बघतच सहादेव म्हणाला.

पाय थांबले. "कुनाला म्हनतोस?"

"तुला."

"आता आठवलं व्हय?"

"आता दिसला." सहादेव उभा राहिला. आणि मग तो थांबलाच नाही. ग्रंथी, गाठ, डोळ्यांच्या नसा, ट्रॉली, गोळी, सगळं सांगितलं. दुधाचंही सांगितलं. पाणी वाफा फुटून सरीतून भलतीकडं चाललं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

रंगनाथनं ऐकून घेतलं. मग चांद्याचा कासरा सोडून तो सहादेवच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. "समोर बघ," म्हणाला. सहादेव समोर बघत राहिला. रंगनाथनं हात वर केला. "दिसतो?"

"दिसतो."

"बोटं?"

"दोन. न्हाई, तीन."

"टांग्याच्या घोड्याला झापडं बांदत्यात तसं झालं म्हन की." रंगनाथनं हात खाली घेतला. "मग त्या दिवशी घाटावर मी कुटं हुतो?"

"तू आत्ता हाईस तिथंच."

रंगनाथनं चांद्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आई गेली तवा रडलो न्हाई मी. तू म्होरनं निगून गेला तवा रडलो. वाटलं, दोघं एकदमच गेली."

सहादेवचे डोळे भरले. त्यानं तोंड पुसलं आणि हातांची माती गालाला लागली. रंगनाथनं फुटलेला वाफा पायानं बंद केला, चांद्याचा कासरा उचलला, आणि एक अक्षर न बोलता घराकडं चालू लागला.

हे काय झालं, सहादेवला कळेना. दिवसभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याला वाटलं, आपण भलतंच सांगून बसलो. संध्याकाळपर्यंत दुधाचं गावभर होणार, सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी ग्लास पुढं करणार. राहीबाईला त्यानं तसं सांगितलं. ती म्हणाली, "होऊ द्या. मला तुमी दिसता, तुमाला मी दिसते. लोकांचं काय घेऊन बसलात."

दिवे लागायच्या सुमारास सहादेव गोठ्यात गाईची धार काढत होता. अंगात बनियन, गुडघ्यांत चरवी. अंगणात कुणाची तरी चाहूल लागली. राहीबाई बाहेर आली तर दारात रंगनाथ. अंगावर धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, एका हातात दोन शहाळी, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा.

"वैनी, पेशंट कुटं हाय?" त्यानं विचारलं.

सहादेव चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर आला आणि तसाच उभा राहिला. रंगनाथनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नापसंतीनं मान हलवली. "आरं, जरा आजारी तरी दिस. पारावर सांगून आलोय समद्यांना, सहादूच्या डोक्यात गाठ हुती, बाजूचं दिसत नव्हतं, मरता मरता वाचला. उद्या सकाळपासून मानसं येतील बगायला." मग त्यानं आवाज उतरवला. "डोळ्याचं सांगितलं. दुधाचं कुनाला सांगितलं न्हाई."

राहीबाईनं घाईघाईनं सहादेवच्या हातातली चरवी काढून घेतली, ओट्यावरची खाट झटकली, तिच्यावर धुतलेली चादर अंथरली. सहादेव चादरीवर बसला, पाय वर घेऊन, पेशंटनं बसावं तसा. रंगनाथनं शहाळी उशाशी ठेवली, पुडा ठेवला, टोपी काढून गुडघ्यावर घेतली आणि खाटेच्या डाव्या कडेला टेकला.

"आता कसं हाय?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर सहादेवनं वर्षभर मनात घोळवलं होतं. डोकं कसं ठणकायचं, किती गरगरायचं, सगळं क्रमानं सांगायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं. पण आता ती यादी बाजूलाच राहिली. तो समोरच्या भिंतीकडं बघत राहिला, आणि डाव्या अंगाला बसलेला रंगनाथ त्याला स्वच्छ दिसत होता.

शेवटी राहीबाईच म्हणाली, "बरं हाय आता त्यांना. तुमी बसा भावजी, मी च्या टाकते."